उजव्या खांद्यावरच्या मुंग्या

बायकोला हे माहीत नाही. मुलीला नाही, उंब्रजच्या बहिणीला नाही, आणि ज्या गावाच्या डोळ्यांदेखत घडलं त्या गावाला तर नाहीच नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघू. याआधी दोनदा बायकोपुढं बसलो होतो सांगायला, आणि दोन्ही वेळा पिकापाण्याचं बोलून उठलो.

मी गुरव. आमच्या गावच्या भैरोबाची पूजा आमच्या घराकडं आहे. चुलत्याच्या घरात आणि आमच्यात वर्षाआड पाळी चालते. गाव पलूसपासून दोन कोसांवर, सगळं उसाचं. सांगतोय ते नव्वदीच्या सुरुवातीचं, आणि त्या वर्षी पाळी माझी होती. चुलत्याची असती तर? — हा विचार मी इतक्यांदा केलाय की आता त्याचाच वीट आलाय. नव्हती त्याची. माझी होती.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर पलूस. मुलं सायकली मारत जायची. मुली? मधे ओढा, दोन्ही बाजूंनी डोक्याएवढा ऊस, आणि एसटी यायची ती ड्रायव्हरच्या मर्जीनं. सातवी झाली की पोरगी घरी बसायची, दोन-तीन वर्षांत तिचं लग्न व्हायचं. यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. एकट्या देसाईबाईंना वाटलं. शाळेच्या मुख्याध्यापिका. किडकिडीत बाई, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी कुठल्याशा संस्थेकडून शब्द आणला — गावानं चार खोल्या बांधून द्याव्यात, आठवी ते दहावीचे वर्ग आम्ही चालवतो. खोल्यांसाठी त्यांचं म्हणणं असं की कारखान्यातून उसाचं बिल निघतानाच टनामागं दोन रुपये कापून घ्यायचे, तीन हंगाम. ज्याचा ऊस जास्त त्याचे जास्त जातील, ज्याचा ऊसच नाही त्यानं अंगमेहनत द्यायची.

झालं. गावाला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला.

तीन सभा झाल्या. तुम्ही कधी अशा सभेला बसलाय का? नसाल तर भाग्यवान आहात. पहिल्या सभेत खोल्यांचं बोलणं बांधावर गेलं, बांधावरून जुन्या विहिरीच्या हिश्श्यावर, आणि शेवटी दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावले. दुसरीत एकजण म्हणाला, मला पोरगीच नाही, मी का देऊ? दुसरा म्हणाला, मला तीन आहेत, पण तिघी उजवल्या, आता शाळेचं काय करू? चहा मात्र दर सभेला दोनदा झाला. मी भिंतीला टेकून बसायचो आणि चिडायचो. मनातल्या मनात. मला वाटायचं, अरे, दोन रुपये! उसाच्या मोळीत तेवढा पाला निघतो. पण तोंडानं कधी बोललो नाही. आता वाटतं, तिथंच कळायला हवं होतं मला माझं पाणी.

तिसऱ्या सभेत कांबळे फौजी उभे राहिले. मिलिटरीतून निवृत्त होऊन आलेले, बौद्धवाड्यातले. म्हणाले, "आमच्याकडं ऊस न्हाई, पण हात हायत. चारी खोल्यांचा पाया आमी खणून देतो. तुमी नुसतं व्हय म्हणा." मग हात वर करायला सांगितलं. मीही हात वर केला — शाळेच्या बाजूनं. हे लक्षात ठेवा. सगळ्यांसमोर, देसाईबाईंच्या डोळ्यांत बघून केला. बाई माझ्याकडं बघून हसल्या.

हात जवळजवळ निम्मे-निम्मे झाले. मोजताना भांडण, परत मोजताना परत भांडण. तेव्हा कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, "कशाला डोकी फोडताय? देवाला इचारू."

सगळ्यांना कसं मोकळं वाटलं म्हणून सांगू! आमच्याकडं हे नेहमीचंच. विहीर कुठं पाडायची, सोयरीक धरायची का सोडायची — माणसांना ठरवता आलं नाही की कौल. पाषाणाच्या मूर्तीला उजव्या आणि डाव्या खांद्याखाली कण्हेरीची एकेक कळी पाण्यानं चिकटवायची आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देव व्हय म्हणतो, डावी पडली तर न्हाई. कळ्या लावायच्या गुरवानं. गाभाऱ्यात दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही.

फौजी तिथंच उठले. "पोरींनी शिकायचं का न्हाई, ते दगडाला कळी किती येळ चिकटती त्यावर ठरवणार व्हय रं?" म्हणाले आणि आपली माणसं घेऊन चालू लागले. लोकांना राग आला. मलाही आला — माझ्या देवाला दगड म्हणाले म्हणून. हा माझा राग बघा! चार दिवसांनी त्याच देवाशी मी जे केलं त्याच्यापुढं फौजींचा शब्द म्हणजे फूल होता.

बाई गेल्या नाहीत. कौल त्यांना पटला नसणार, पण गावाबाहेरच्या एकट्या बाईनं गावच्या देवाला नाही कसं म्हणायचं? जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही आहात ना, मग काळजी नाही." त्यांना म्हणायचं होतं की तुम्ही निदान प्रामाणिकपणे कळ्या लावाल. एवढंच. आपल्या बाजूनं लावा असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांच्या मनातही आलं नसेल.

आता तात्यांचं सांगायला हवं. तात्या म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे बागायतदार. त्यांचे मुलगे सांगलीला वसतिगृहात राहून शिकत होते, त्यांना गावातल्या शाळेचं काय? टनामागं कपात झाली असती तर सगळ्यांत जास्त त्यांचीच. कौलाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला ते आमच्या कट्ट्यावर येऊन बसले. आमच्या घरी ते कधी येत नसत. चहा प्यायले. माझ्या वडलांच्या आठवणी काढल्या. माझी दोन एकर देवाची जमीन त्यांच्या नदीवरच्या पंपाच्या पाण्यावर भिजायची, त्या उसाची चौकशी केली. उठताना म्हणाले, "औंदा देवाची पाळी तुमच्याकडंच न्हवं?" मी म्हटलं, व्हय. "बरं," म्हणाले आणि गेले.

बस्स. एवढंच. धमकी नाही, आमिष नाही, पाण्याचं अवाक्षर नाही. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं हो! नंतर कितीदा वाटलं की त्यांनी दम दिला असता तर बरं झालं असतं. आज मला म्हणता आलं असतं — भ्यालो, पाणी तुटेल म्हणून केलं. पण न मागता दिलेल्या गोष्टीला काय म्हणायचं? मालकानं नुसतं बघितलं आणि कुत्र्यानं शेपूट हलवली, तसं झालं ते.

आता येतोय मुद्द्यावर. थांबा जरा.

सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून निघालो. स्वयंपाकघरात फळीवर काकवीची बरणी होती. त्या साली आमच्या गुऱ्हाळाची काकवी छान दाट झाली होती. मी बरणीत अंगठा बुडवला, नखात भरून घेतली आणि मूठ मिटली. बायको चुलीपाशी होती, तिनं पाहिलं नाही. घरापासून देवळापर्यंत मी मूठ मिटूनच चाललो. वाटेत माणसं रामराम घालत होती आणि मी डाव्या हातानंच घेत होतो.

रविवार होता, देवाचा वार. सभामंडप माणसांनी भरलेला. बायका पायऱ्यांवर. देसाईबाई खांबाजवळ. मी गाऱ्हाणं घातलं — बा देवा, पोरांसोरांच्या शाळेसाठी उसामागं कपात करावी का, काय ते सांग. डावी कळी लावली नुसत्या पाण्यानं, तीही जेमतेम. आणि उजवी लावताना पाठ लोकांकडं करून अंगठ्याचं नख दगडावर दाबलं.

हे केलं मी. मीच केलं.

आणखी एक सांगतो, ते याहून वाईट आहे. मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. सगळं गाव, तात्यांसकट, हात जोडून माझ्या बोटांकडं बघत होतं. आयुष्यभर नैवेद्याचं ताट आणि चार नारळ यावर जगलेला माणूस मी. तीन सभांत मला कुणी विचारलं नव्हतं, गुरव, तुला काय वाटतं? आता सगळे श्वास रोखून उभे होते. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. पाण्याची भीती, तात्यांची मर्जी — सगळी नंतर जुळवलेली कारणं. त्या क्षणी मला फक्त ते बरं वाटणं आठवतं.

डावी कळी पडली. तात्यांनी डोळे मिटून नमस्कार केला. बाईंनीही केला, आणि पायऱ्या उतरून गेल्या. पंचाईत पुढंच होती. उजवी कळी पडेचना! दुपार झाली, ऊन कललं, कळी सुकून गेली तरी चिकटलेलीच. लोक येऊन बघत होते, म्हणत होते, बघा, देवानं किती ठाम न्हाई म्हटलंय, उजवी सोडायलाच तयार न्हाई. सांजच्या आरतीला मी ती खरवडून काढली.

आता शालन. तिचं नाव घ्यायला इतका वेळ लावला, कारण तिचंच नाव घ्यायचं नव्हतं.

धोंडीबा धनगराची थोरली पोरगी. ही माणसं आटपाडीकडची, दुष्काळात मेंढरं घेऊन इकडं आली आणि तात्यांच्या रानात वाट्यानं शेती करत राहिली. एका खोलीत सहा माणसं, म्हणून शालन सकाळी देवळाच्या सभामंडपात येऊन अभ्यास करायची. माझी वंदना आणि ती एकाच वर्गात, सातवीत. वंदना बरी होती. शालन हुशार होती. मी पूजा करताना ती बाहेर मोठ्यानं पाढे, कविता, विज्ञानाचे धडे म्हणायची, आणि मलाही ते पाठ व्हायचे. मी तिला म्हणायचो, तू बाई होणार बघ. कौल झाला त्याच वर्षी दोघींची सातवी संपायची होती.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, देवाच्या उजव्या खांद्याला मुंग्या लागल्यात."

होत्या. काळ्या दगडावर तांबड्या मुंग्यांची सरळ रांग, पायथ्यापासून खांद्यापर्यंत. मी म्हटलं, पंचामृत सांडलं असेल.

"पंचामृत तर आवसेला असतंय," ती म्हणाली. मग माझ्या हाताकडं बघितलं, आणि जाऊन आपल्या जागी बसली. त्या दिवशी तिनं काही मोठ्यानं वाचलं नाही. मी ओल्या फडक्यानं मुंग्या पुसल्या.

कौल होता कशाचा? टनामागच्या कपातीचा. पण गावानं त्याचा अर्थ काय काढावा? महिन्याभरात बायाबापड्या बोलायला लागल्या — पोरींनी सातवीच्या पुढं शिकावं हे देवालाच मंजूर न्हाई. कुणी सुरुवात केली कोण जाणे. ज्याला त्याला सोयीचं होतं, पसरत गेलं. बाई धोंडीबाच्या खोलीवर गेल्या, पोरगीला पलूसला पाठवा म्हणून पदर पसरला. तो गरीब माणूस हात जोडून म्हणाला, "बाई, देवानंच न्हाई म्हटलंया, तर मी कोण?" हे बाईंनीच मला सांगितलं. माझ्याजवळ सांगितलं! म्हणाल्या, तुम्ही तरी त्याला समजावून सांगा, कौल कशाचा होता ते. सांगतो म्हटलं. गेलो नाही. एकदा गेलो, तर तो दारात मेंढरू कातरत बसला होता. पाऊसपाणी विचारलं आणि परत आलो. वर्षभरात बाईंची बदली झाली.

त्या वर्षी सात मुली घरी बसल्या. आठवी मुलगी कोण ठरली असती? माझी वंदना. तिला मी उंब्रजला आत्याकडं ठेवली. हायवेचं गाव, हायस्कूल घराशेजारी. गावाला सांगितलं, आत्याला सोबत हवी म्हणून पाठवतोय. कुंपणानं शेत खायचं आणि आपला दाणा मात्र कोठारात ठेवायचा — दुसरं काय? वंदनाला एसटीत बसवायला गेलो तेव्हा शालन स्टँडवर आली. स्कॉलरशिपच्या परीक्षेत नंबर आला म्हणून शाळेनं तिला कंपासपेटी दिली होती, ती तिनं वंदनाच्या हातात ठेवली. नवीच होती पेटी. शालन रडली नाही, वंदना रडली. मी पिशव्या वर टाकण्यात गुंतल्यासारखं केलं.

सोळाव्या वर्षी शालनचं लग्न झालं. नवरा कुपवाडला कारखान्यात लेथवर. माणूस बरा निघाला, हे तिचं नशीब. यात माझं काही नाही.

मधली वर्षं कशी गेली विचारू नका. मी रोज पूजा केली. माझ्या पाळीत लोक कौल लावायला यायचे आणि मी इमानानं, नुसत्या पाण्यानं लावायचो, जणू त्यानं काही फिटणार होतं. दर वेळी ठरवायचो, यंदाच्या जत्रेला सगळ्यांपुढं सांगून टाकायचं. जत्रा यायची, जायची. स्वतःचा असा संताप यायचा की घंटा बडवून काढायचो, आणि लोक म्हणायचे, गुरवाची लय भक्ती हाय.

मग दशक संपता संपता शालनची धाकटी बहीण मंगल सातवी झाली. आता एसटी वेळेवर येत होती, मुलींना पास मिळत होता, दोन-चार घरच्या मुली जायलाही लागल्या होत्या. पण धोंडीबा हटून बसला. त्याच्यापुढं देवाचा शब्द होता. देव एकदा न्हाई म्हणालाय, आता देवच व्हय म्हणेल तर पाठवीन. शालन कुपवाडहून नवऱ्याच्या मोटारसायकलवर आली, कडेवर लेक. बापाला म्हणाली, चला, परत इचारू. पाळी माझीच होती.

धोंडीबा, त्याची बायको, शेजारचे दोन-चारजण सभामंडपात बसले. शालन पूजेचं ताट घेऊन उंबऱ्यापाशी आली. नारळ, उदबत्ती, कण्हेरीच्या कळ्या — आणि एक छोटी वाटी. वाटीत काकवी.

मी हातातली समई खाली ठेवली. मी कसंबसं विचारलं, हे कशाला?

ती एवढ्या हळू बोलली की मागं कुणाला ऐकू गेलं नाही. "काका, या बारीला डावीकडं लावा."

सांगा, माणसानं काय करायचं? पाया पडायचं? सगळ्यांना हाक मारून बोलायचं? तिच्या तोंडाकडं बघितलं. त्यावर राग नव्हता. राग असता तर सोसला असता. एखाद्या दुकानदाराला माल कुठं ठेवायचा ते सांगावं तशी ती उभी होती. तेराव्या वर्षापासून तिला माहीत होतं. आणि कुणाला सांगणार होती ती? देवाच्या गुरवापुढं धनगराच्या पोरीचं कोण ऐकणार होतं?

मी डावीकडं लावली. उजवी कळी पडली. धोंडीबानं उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडला — देवा, लय उशीर केलास रं, म्हणाला. मंगल हसत होती. शालननं देवाला हात जोडले नाहीत. लेकीला कडेवर घेतलं, रिकामी वाटी माझ्याकडून मागून घेतली आणि गेली.

मंगल पलूसला जाते. तिचं चांगलं चाललंय म्हणतात. त्यानं माझ्या खात्यात काही जमा होत नाही, ते काम शालनचं. गाव अजून म्हणतं, आधी देव न्हाई म्हणाला, मग व्हय म्हणाला, देवाची करणी. धोंडीबा दर रविवारी नारळ आणतो, मी फोडतो आणि त्यातला अर्धा त्याच्या हातात ठेवतो. त्यालाही मी सांगितलेलं नाही.

मंगलच्या कौलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवाच्या डाव्या खांद्यावर मुंग्या होत्या. बाहेर सभामंडपात कुणी नव्हतं. मी फडकं ओलं केलं आणि पुसल्या.